सकाळी एक, संध्याकाळी वेगळी

"मॅडम, बाजूला व्हा. तुमचं झुडूप आज सकाळपासून वेगळी जात राहिलेलं नाही," जेसीबीवाला सत्तार मोबाइल पुढे करत म्हणाला.

वनस्पतिशास्त्रज्ञ वत्सला नाडकर्णीचं डोकंच फिरलं. कॉफीच्या कुळातल्या जाती आता यंत्र ठरवायचं. कुठलंही नवं पान तपासलं, की सगळी वर्गवारी पुन्हा पहिल्यापासून, आणि कायदाही लगेच तिच्या मागोमाग. फक्त याच पठारावर उगवणारं हे झुडूप यंत्राने आज घाटभर माजलेल्या एका साध्या जातीत ढकललं होतं. संरक्षण उठलं आणि खाणवाल्यांचं फावलं.

तिने यंत्र चालवणाऱ्या वर्गवारी केंद्राला फोन लावला. "अहो, निदान फुलं तरी बघा."

"यंत्र फुलं बघत नाही, मॅडम. एक पान पाठवा. संध्याकाळी निकाल."

तिने चरफडत पान पाठवलं. सत्तार काही थांबला नाही.

संध्याकाळी उघड्या लाल मातीत ती उभी असताना फोन वाजला.

"अभिनंदन, मॅडम. जात वेगळीच निघाली. फक्त यंत्राने तिच्यापुढे 'नामशेष' लिहिलंय. चूक असेल तर एक पान पाठवा, लगेच दुरुस्त करतो."