थांबण्याच्या जागा

सासरे पुन्हा थांबले. या वेळी निमित्त झालं बुटाच्या नाडीचं. मागच्या वळणावर त्यांना फुटपाथची फरशी किती वाकडी बसवली आहे ते बघायचं होतं आणि त्याआधी एका बंद दुकानाची पाटी वाचायची होती.  सून कडेच्या कठड्याला टेकली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि मग तिने मोबाइलमधल्या नकाशावर त्या जागी एक खूण केली.

सून शहराच्या वाहतूक विभागात नियोजन अधिकारी होती. उन्हाळ्यात शहरात मैदानी खेळांची जागतिक स्पर्धा भरायची होती. देशोदेशीचे प्रेक्षक रेल्वे स्टेशनवर उतरणार. त्यांना तिथून मैदानापर्यंत कसं पोचवायचं, हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. मैदानाभोवती गाड्यांना बंदी. ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यापुरत्या बस, बाकी सगळ्यांनी पायी जायचं असं ठरलेलं.

वरिष्ठांना यात काहीच अवघड वाटत नव्हतं. खेळ बघायला येणारी माणसं तरणीताठी, गाणी म्हणत जातील, असं त्यांचं म्हणणं. सुनेला ते पटेना. खेळाचं वेड काय माणसाचे गुडघे बघून लागतं? नातवंडांना घेऊन आजोबा येणार, तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन आई येणार. त्यांना हा रस्ता झेपेल का, हे ऑफिसात बसून कळणारं नव्हतं. म्हणून हिवाळ्यातल्या लांबलेल्या तापातून उठून कामावर रुजू झाल्या झाल्या तिने सासऱ्यांना हाताशी धरलं. त्यांचा एक गुडघा बदललेला, हातात काठी. याहून चांगलं मोजमाप तिला कुठे मिळणार होतं? दर रविवारी सकाळी दोघं स्टेशनपासून मैदानापर्यंत चालू लागली.

नवऱ्याला हे मुळीच आवडलं नव्हतं. बाबांना या वयात एवढी तंगडतोड करायला लावू नकोस, काही झालं म्हणजे निस्तरणार कोण, असं तो दर शनिवारी बजावायचा. तिच्याही मनात धाकधूक असायचीच. पण रविवार उजाडला की सासरेच तिच्याआधी बूट घालून दारात उभे. आणि वाटेत दमलो म्हणतील तर शपथ. नाडी, फरशी, पाटी, नाहीतर उगाच झाडावरचा एखादा पक्षी. तिला त्यांच्या या ताठ्याचं फार कौतुक वाटायचं. त्यांचा मान राहावा म्हणून तीही कधी विचारायची नाही. ते थांबले की मुकाट्याने थांबायची, ते निघाले की निघायची.

बैठकीत तिने खुणांचा नकाशा भिंतीवर लावला आणि प्रत्येक खुणेपाशी बाकं, सावली आणि पिण्याचं पाणी मागितलं. मुख्य अभियंत्यांनी कपाळाला हात लावला. रस्त्यात माणसं बसली की मागची गर्दी तुंबणार, चेंगराचेंगरी झाली तर कोणाला जाब विचारायचा? बरं, बाकं हवीच असतील तर ती सारख्या अंतरावर तरी मांडा. चढाच्या मध्यावर एक, चढ संपला की लगेच दुसरं आणि पुढे बराच वेळ काहीच नाही, हा काय प्रकार आहे?

"माणूस सारख्या अंतरावर दमत नाही, साहेब," ती म्हणाली. "जिथे दमतो तिथेच त्याला जागा लागते. गर्दी तुंबली तर माझी नोकरी घ्या."

हे बोलताना तिची नजर खाली गेली नाही. साहेबांनी नकाशा पुन्हा एकदा बघितला आणि कुरकुरत मान्यता दिली.

स्पर्धेच्या पहिल्या सकाळी स्टेशनातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. नोकरी पणाला लावलेली सून चढावर उभी राहून बघत होती. म्हातारी जोडपी बाकांवर टेकली. एक पोटुशी बाई टेकली. चेहरे रंगवून आरोळ्या ठोकणारे दांडगे पोरगेसुद्धा, कोणी बघत नाहीसं पाहून, टेकले. घोटभर पाणी प्यायले, उठले, पुढे गेले. बाजूने गर्दी चालत राहिली. कुठे रेटारेटी झाली नाही की कोणी घेरी येऊन पडलं नाही. चढ संपल्यावरच्या बाकावर खुद्द मुख्य अभियंते घाम पुसत बसले होते. तिला बघताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिला नमस्कार केला.  घरी जाऊन हे कधी एकदा सासऱ्यांना सांगते असं तिला झालं.

शेवटच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. स्पर्धा सुरू झाल्यापासून ती रोज शांत झोपत होती, जेवण वेळेवर होत होतं, चेहऱ्यावर तजेला आला होता. दोन तिकिटं घेऊन ती सासऱ्यांबरोबर स्टेशनावर उतरली. सासरे लांब उडीबद्दल बोलत निघाले. पहिली बाकं मागे पडली, दुसरी पडली. चढ लागला, चढ संपला. काठी आपली एका लयीत टकटक करत चाललेली. मैदानाचं फाटक दिसायला लागलं तेव्हा सुनेला राहवेना.

"बाबा, बसा की जरा," ती म्हणाली. "तुम्ही जिथे जिथे दमलात तिथे अख्ख्या जगाला बसवलंय मी. आणि आज तुम्ही एकदाही थांबला नाहीत?"

सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं.

"आज कशाला थांबू, पोरी? आज तुला कुठे धाप लागलीये?"