सतरावा व्हाइस

ह्यांनी सतरावा व्हाइस भंगारबाजारातून रिक्षाने आणला आणि थेट माझ्या ओट्यावर ठेवला. लोखंड घट्ट धरून ठेवायचं ते अवजार. फिटरला रोज लागतं म्हणे. पण ह्यांना कारखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, आणि आमच्या घरात धरून ठेवण्यासारखं काही नाही. तरी गंज घासणं, जाम झालेल्या स्क्रूला तेल पाजणं महिनोन्‌महिने चालूच. इतक्या मायेने ह्यांनी कधी माझी चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात मी जिन्यावरून पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वळेनात. फिजिओथेरपीवाल्या मुलीने ती जोराने वाकवली, तशी मी किंचाळले. परत तिथे जाणार नाही म्हणून हटूनच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कोमट तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसले.

"जोर लावायचा नाही, मंदा. गंजलेलं हळूहळूच सुटतं."

अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून आलेलं माझं हे पहिलं कौतुक.

पण हे रोज तासभर बसायचे. एकेक बोट केसभर वाकवायचे, थांबायचे, माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, मग पुन्हा वाकवायचे. नवा व्हाइस गॅलरीत तसाच पडून होता.

दीड महिन्याने माझी मूठ मिटली. मला रडूच फुटलं. ह्यांनी त्या मुठीत आपलं बोट घातलं आणि ओढून पाहिलं.

"अजून जरा ढिली आहे," म्हणाले. "उद्या परत बसू."