डोलकाठीवरचं फडकं

होडी काठाच्या जवळ आली आणि वच्छलाबाईला भाऊ दिसला. धोंडिबा पाण्याच्या कडेला उभा होता, पण हात वर करून बोलवत नव्हता. त्याच्या मागं बाभळीखाली गावातली पाच-सहा माणसं जमली होती, आणि ती सगळी वर डोलकाठीकडं बघत होती.

डोलकाठीच्या शेंड्याला निळ्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती. काल संक्रांत. संध्याकाळी नाथसागरातल्या एका उंचवट्यावर चूल पेटवून चौघं बसली असताना ट्रान्झिस्टरवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी लागली. शेजारचा सांडू उठून पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, डोळे पुसले, बोचक्यातलं जुनं लुगडं काढलं आणि त्याची पट्टी टर्रकन फाडली. काठीला ती बांधली वच्छलाबाईनं, कारण हात तिचाच पुरत होता.

होडी घरचीच होती. वच्छलाबाईचा नवरा त्रिंबक आणि सांडू वाळूजच्या एका कारखान्यात एकाच पाळीला वेल्डिंगला होते. बजाजनगरात दोघांच्या खोल्यांना मधली भिंत एकच. मोडक्या पेट्यांच्या फळ्या, पत्र्याची पिंपं आणि शिडाला ट्रकची जुनी ताडपत्री, असं जमवून दोघांनी ती उभी केली. सणाला जोडून आलेली सुट्टी पाण्यावर काढायची आणि वाटेत वच्छलाबाईच्या माहेरी, तिच्या आईच्या हातचं जेवायचं, असा बेत होता.

धोंडिबा गुडघाभर पाण्यात आला. आवाज दाबून त्यानं सांगितलं, की कालपासून गाव तापलंय. बहिणीनं अन् दाजींनी खुशाल वर यावं, सैपाक झालेला आहे. त्या दोघांना मात्र होडीतच बसू द्यावं, आणि ते फडकं आधी उतरवावं.

त्रिंबकनं वेळ मारून न्यायला बघितलं. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून बांधलंय, दुसरं काही नाही, असं तो म्हणाला. सांडूनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान वच्छलाबाईला सोसली नाही.

“खोटं कशाला बोलता?” ती नवऱ्याला म्हणाली. मग काठावर ऐकू जाईल अशा आवाजात, “कालच्या बातमीसाठी बांधलंय. अन् मी बांधलंय.”

बाभळीखालून कडूबा पुढं आला. गावाची निम्मी जमीन त्याच्या घराची, आणि धोंडिबाची मेंढरं हिवाळाभर त्याच्याच रानात बसायची. त्यानं वच्छलाबाईकडं बघितलंसुद्धा नाही. धोंडिबाला एवढंच विचारलं, की उद्यापासून मेंढरं कुठं बसवणार आहेस.

धोंडिबाचं तोंड उतरलं.

“वच्छे, माझ्याकडं बघ जरा. सोड ती गाठ.”

वच्छलाबाईनं बघितलं. भाऊ कात्रीत सापडला होता, हे तिला दिसत होतं. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तिला सांगता आलं नसतं. आवडाबाई हळूच उठली. आमच्यापायी तुझं माहेर तुटायला नको, मी काढते, असं पुटपुटत तिनं काठीला हात घातला. वच्छलाबाईनं तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

“मग आम्ही कुणीच उतरत नाय, दादा.”

त्रिंबकनं वल्हं उचललं.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. वच्छलाबाईची आई, आक्काबाई, काठी टेकत खाली आली आणि काठावर न थांबता सरळ पाण्यात शिरली. धोंडिबानं तिचा दंड धरला. तो तिनं सोडवून घेतला. पाणी कमरेला लागलं, लुगडं भोवती फुगलं, काठी हातातून निसटून वाहायला लागली. सांडूनं पटकन हात पुढं केला आणि तितक्याच पटकन मागं घेतला. म्हातारीनं तोच हात ओढून धरला आणि वर चढली.

तुला तरी कळायला पाहिजे होतं, असं कडूबा काठावरून म्हणाला.

आक्काबाईनं आधी लुगड्याचं पाणी पिळलं. मग पाण्याच्या मध्याकडं बोट दाखवलं.

“आपलं जुनं गाव तिथं खाली हाय. धरणाचं पाणी चढलं तवा पहिलं ह्यांच्या लोकांच्या वस्तीत शिरलं. आपण वर उभं राहून बघत व्हतो. मग आपल्या दारात आलं.”

पाच माणसांनी होडी चांगलीच दबली होती. ती पाच जणांना पेलेल का, असं त्रिंबकनं सांडूला खुणेनंच विचारलं. सांडूनं ताडपत्रीची दोरी ओढून घेतली, म्हणजे तेच उत्तर. आवडाबाईनं आपल्या बसण्याखालची घोंगडी काढून म्हातारीच्या खांद्यावर टाकली. होडी सावकाश फिरली.

धोंडिबा अजून पाण्यातच उभा होता.

“माय,” त्यानं हाक मारली, “माघारी कवा येशील?”

“वारा पडंल तवा,” आक्काबाई म्हणाली.

आणि वारा तर आत्ताच कुठं शिडात भरायला लागला होता.