खणक

बाबारावांनी बाविसावा माठ फोडला.

आधी बोटाच्या पेराने टकटक, मग कान जवळ, मग दांडा. भट्टीतून काढलेले चाळीस माठ गुढियारी वस्तीतल्या त्या अंगणात ओळीने उभे होते, आणि ओळ एका टोकाकडून संपत चालली होती.

माती सोनियाने चाळली होती. तुडवलीही तिनेच. या घरात सून आली की माती तिच्या हाती जाते. ती लग्न होऊन आल्यापासूनच्या दोन्ही भट्ट्या अशाच गेल्या होत्या. दोष मातीचाच, असं सगळ्यांनी धरलं होतं. ही तिसरी. हीही गेली तर चाक काढायचं आणि अंगण टाइलवाल्याला गोदामासाठी द्यायचं, असं तिच्या नवऱ्याने, नीलेशने, ठरवलं होतं.

"मले त चांगला वाजला," ती त्याला हळूच म्हणाली.

"तुले चांगला वाजला!" नीलेश हसला. "बाबांच्या कानाले केसाएवढा तडा समजते. तुह्या-माह्या कानाचं काम नाही ते."

सोनियाने खापऱ्या उचलून पाहिल्या. कडा ताज्या होत्या, लाल. भट्टीत माठ तडकला की तड्यात धूर शिरतो आणि काळी रेघ राहते. रेघ एकाही खापरीवर नव्हती. एक खापरी तिने सासऱ्यांपुढे धरली.

"मामाजी, हा फुटका नव्हता. पहा ना."

मागच्या रुळांवरून मालगाडी निघाली. अशा वेळी पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, सगळे वाक्य अर्धं सोडून थांबतात. बाबाराव बोलतच राहिले. रागात आहेत, असं तिला वाटलं. गाडी गेल्यावर शेवटचं तेवढं ऐकू आलं.

"...फुटका माठ या दारात उभा नाही राहत. माह्या बापाचा शब्द आहे."

तेविसावा गेला. चोविसावा.

सोनिया आत गेली. देवळीत बाबारावांच्या वडिलांनी घडवलेला पहिला माठ होता. वर्षातून एकदा, आक्तीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, तो वाजवायचा. त्याची खणक कानात ठेवायची आणि वर्षभर नवे माठ तिच्याशी ताडून पाहायचे. आक्तीला अजून बारा दिवस होते. तिने तो उचलला आणि बाहेर आणून सासऱ्यांपुढे ठेवला.

"पागल झाली काय?" नीलेश म्हणाला. "आक्तीच्या आधी?"

"एकदा वाजवा, मामाजी. मंग माही माती खराब, मी कबूल करतो." तिने बोट वाकवून दाखवलं.

बाबारावांनी पेर मारलं. स्वच्छ, लांब खणक निघाली. ती वरच्या पत्र्यापर्यंत गेली आणि विरायला तिला वेळ लागला. सोनियाने नीलेशकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली. चोवीस माठांचा आवाज हाच होता.

बाबारावांनी कान लावला. पुन्हा पेर मारलं. पुन्हा कान लावला. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"हा बी गेला," ते म्हणाले, आणि त्यांनी दांडा उचलला.

"बाबा, नका!" नीलेश मागून ओरडला.

नळावरच्या बाया वळल्या. रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. सारा पारा वळून पाहू लागला. बाबाराव तेवढे वळले नाहीत.