शेंदराखालचा आकडा

श्यामसुंदर बर्वे दोन वर्षं अंधेरीच्या घरात टेबलावर आगगाडीचं मॉडेल उभं करत होता, पुठ्ठ्याचं आणि आगपेटीच्या काड्यांचं. अंधेरी-ट्रॉम्बे लाइन, चौतीस साली बंद पडून नाहीशी झालेली. तिच्या खुणा शोधत दर रविवारी तो पायी भटकायचा. वाकोल्यात एका चाळीपुढे त्याला शेंदूर फासलेला दगड दिसला. कडा कशा छिन्नीने घडवलेल्या! त्याने खिशातली किल्ली काढली आणि भराभर शेंदूर खरवडला. आत ‘३’ निघाला.

"अहो, रेल्वेचा मैलाचा दगड आहे हा!" जमलेल्या लोकांना तो म्हणाला. "आणि तुम्ही लोक पन्नास वर्षं याच्यापुढे नारळ फोडताय!"

पोरं हसली, मग बाप्येही हसले. हातात जास्वंद घेऊन दारात उभी असलेली शेवंतीआजी तेवढी हसली नाही.

"म्हायत आसा रे माका," ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "आमच्या ह्येंनीच रोवलेलो तो. गँगमन होते. लाइन बंद झाली तशी लोकांनी रूळ नेले, लाकडं नेली. ह्यो तरी रवांदे म्हणान मीच शेंदूर लावलंय. देवाक कोण हात लावता?"

श्यामसुंदरने किल्ली मुठीत लपवली.

पुढच्या रविवारी तो शेंदराची पुडी घेऊन गेला. दगडाच्या जागी खड्डा होता. दगड नळापाशी आडवा पडला होता आणि एक बाई त्याच्यावर चादर आपटत होती. तिच्यामागे, धुण्याची बादली घेऊन, रांगेत शेवंतीआजी उभी होती.