बाळाची धुरी

"मशीन चालू असताना चूल पेटवू नका," हरेशने घरात बजावलं होतं. स्कूबाच्या टाक्यांत तो त्या मशीनने मागच्या पडवीतच हवा भरायचा. आजही चूल थंड होती. पण सासूबाईंनी बाळाच्या धुरीची शेगडी नेमकी हवा ओढणाऱ्या नळीखाली ठेवलेली पाहून समिधाने ती झटकन बाजूला ओढली.

"अगो, बाळाची धुरी ती! तेना काय होतला?" सासूबाई म्हणाल्या.

घरी राहिलेल्या टाकीचा नळ समिधाने पिळला. हवा फसकन सुटली, धुरीतल्या ओव्याचा वास घेऊन. निखाऱ्यांचा जहरी वायू भरलेल्या बाकीच्या तीन टाक्या घेऊन हरेश पर्यटकांबरोबर केव्हाच गेला होता.

ती अनवाणीच किनाऱ्यावर धावली. "तांडेलानू, तेंका वर काढा!"

होडीत एकट्याच बसलेल्या तांडेलाने हसून हात केला, आणि बोटाने खाली पाण्याकडे दाखवलं.