प्रबंधात न आलेली पायरी

यास्मिन पीएचडी संपवून नोकरीला लागली आणि विद्यापीठातल्या हेरवाडकर मॅडमच्या प्रयोगशाळेत स्फटिक तयार व्हायचेच थांबले. तिच्या प्रबंधाबरहुकूम सगळं करूनही नव्या विद्यार्थ्यांच्या हाती नुसती भुकटी लागायची. प्रकल्प बंद पडायची वेळ आली, तेव्हा मॅडमनी तिलाच बोलावून घेतलं.

"तू नेहमीसारखं कर गं. आम्ही नुसतं बघतो."

तिने द्रावण उकळलं, हॉटप्लेट बंद केली आणि खुर्चीत जाऊन बसली.

"बीकर उतरवत नाहीस?"

"नाही मॅडम. एकदा हात भाजला, तेव्हापासून भीतीच वाटते. तिथेच गार होऊ देते."

संध्याकाळी बीकरच्या तळाशी टपोरे निळे स्फटिक चमकत होते. त्यांना सावकाश गार होणंच हवं होतं!

"अगं, मग हे लिहिलं का नाहीस?"

"प्रबंधात 'मला भीती वाटते' असं कसं लिहिणार?"

मॅडम खळखळून हसल्या आणि विद्यार्थ्यांकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. तुमचं काय काय लिहायचं राहिलंय?"

त्यांच्यातला तुषार चाचरत म्हणाला, "मी ढवळताना घड्याळ लावत नाही, मॅडम. गाणं म्हणतो. ते संपलं की थांबतो."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हण बरं."